जमेच्या बाजूची नावे

(महाळुंगे येथील सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिच्या पायाभरणीला उभे राहिलेले तरुण पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात पोहोचलेले असतात. संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा अशा रीतीने तिच्या माणसांच्या वार्धक्याचाही सोहळा असतो. म्हणूनच आजच्या मेळाव्यासाठी 'वाढत्या वयातील कृतज्ञता, श्रद्धा आणि आपुलकी' हा विषय ठरला, हे यथोचितच झाले. विषय मात्र ऐकायला गोड आहे आणि म्हणूनच थोडा धोक्याचा आहे. अशा विषयावर सुविचारांची माळ ओवणे फार सोपे असते. व्यापारी समाजापुढे माळ ओवण्यापेक्षा वही उघडणे अधिक श्रेयस्कर.

देशी नाम्याचा पहिला नियम आपल्या वाडवडिलांना पाठ होता. ज्याने दिले त्याचे जमा, ज्याने घेतले त्याच्या नावे. रोजमेळाच्या पानावर डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे, आणि दिवेलागणीला दोन्ही बाजूंचा मेळ बसलाच पाहिजे. दोन आण्यांचा फरक राहिला तरी जुना मुनीम दिवा मोठा करून पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट फिरवीत असे. पुढे वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांनी हेच द्विनोंदी पद्धतीच्या नावाने शिकविले. परंतु गादीवर बसणाऱ्या माणसाला ते कोणत्याही परीक्षेविना ठाऊक होते.

वय वाढू लागले की मनातील रोजमेळाला एक विलक्षण रोग जडतो. उजवे पान लख्ख दिसते आणि डावे पान धूसर होत जाते. कोणत्या पुतण्याला धंद्याला लावले, कोणत्या भाच्याच्या लग्नात किती खर्च उचलला, कोणाची बुडीत उधारी सोडून दिली, हे सारे तिथीवारासह आठवते. स्वतःला कोणी काय दिले, हे मात्र आठवावे लागते आणि बहुधा आठवत नाही. घरोघरी वृद्धांच्या मुखातून ऐकू येणारे "आम्ही सगळ्यांचे केले, आमचे कोणी करीत नाही" हे वाक्य म्हणजे डावे पान कोरे ठेवून काढलेली शिल्लक होय. ती शिल्लक कधीच बरोबर येत नाही. मनुष्य दुःखी होतो, कारण बाकी सगळ्या जगाकडे येणे दिसते आणि वसुली कोठूनच होत नाही.

अन्य अनेक धर्मपरंपरांत या रोगावर एक सरळ उपाय आहे. सर्व काही ईश्वराने दिले असे मानावे, त्याचे आभार मानावेत आणि खाते बंद करावे. जैन दर्शनाने ही सोय ठेवलेली नाही. सृष्टी निर्माण करणारा आणि सुखदुःख वाटणारा ईश्वर आपल्या तत्त्वज्ञानात नाही. अरिहंत मार्ग दाखवितात. दुकान चालवून देत नाहीत. त्यांच्यापुढे केलेली वंदना ही गुणांना केलेली वंदना आहे, मागणी नव्हे आणि पोचपावतीही नव्हे. मग आयुष्यभर जे मिळाले त्याबद्दलची कृतज्ञता पोहोचवायची कोणत्या पत्त्यावर? उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात याचे उत्तर दिले आहे. जीवांचे एकमेकांवरील कार्य म्हणजे परस्परांस उपकारक होणे, असा त्या सूत्राचा आशय आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, १९७४-७५ मध्ये, सर्व पंथांनी मिळून जे जैन प्रतीक स्वीकारले त्याच्या तळाशी हेच सूत्र कोरलेले असते. लग्नपत्रिकांवर ते आपण इतक्या वेळा छापले आहे की आता ते वाचण्याचे कारण उरलेले नाही! परंतु त्याचा हिशेबी अर्थ असा की, आपल्या जमेच्या बाजूला ईश्वराचे नाव नाही. तेथे जिवंत माणसांची नावे आहेत, गायीबैलांची आहेत, झाडापाण्याची आहेत. कृतज्ञता द्यायची तर ती त्यांच्याच दारी जाऊन द्यावी लागेल.

स्थानांग सूत्रात तिसऱ्या स्थानात याविषयी फार मार्मिक विवेचन आहे. तीन जणांचे ऋण फेडणे दुष्कर होय, असे तेथे सांगितले आहे. पहिले माता-पिता, दुसरा भर्ता म्हणजे आश्रय देऊन उभे करणारा, आणि तिसरे धर्माचार्य. मुलाने आईवडिलांना उत्तमोत्तम तेलांनी मर्दन केले, सुगंधी जलांनी स्नान घातले, नाना व्यंजनांचे भोजन दिले आणि जन्मभर पाठीवर वाहून नेले तरी ते ऋण फिटत नाही, असे शास्त्रकार म्हणतात. हा भाग प्रवचनांत आपण वारंवार ऐकतो आणि ऐकताना नजर आपोआप मुलाकडे वळते. धर्माचार्यांच्या ऋणाविषयीही समाज सजग आहे. मधला जो भर्ता, त्याच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. शास्त्रातील दृष्टान्त असा: एका श्रीमंताने एका दरिद्री माणसाला हात देऊन वर आणले. काळ फिरला. वर आलेला धनवान झाला आणि तो पूर्वीचा श्रीमंत दरिद्री होऊन त्याच्या दारी आला. आता या नव्या धनवानाने आपले सर्वस्व त्याला अर्पण केले, तरी ते ऋण फिटत नाही.

हा दृष्टान्त महाळुंग्यात बसून वाचताना अंगावर काटा यावा, इतका तो या भूमीचा आहे.

महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी आणि चाकण हा पट्टा आज वाहन उद्योगासाठी देशभर ओळखला जातो. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना येथे सुरू झाला. त्याच्या आगेमागे लहानमोठे कारखाने येत गेले आणि पहाटे पहिल्या पाळीच्या बसगाड्यांनी तळेगाव रस्ता गजबजू लागला. त्याआधीचे चाकण हे बाजाराचे गाव होते. कांदा, बटाटा, बाजरी आणि गुरांचा बाजार. राजस्थानातून, गुजरातेतून, कच्छातून निघालेली आपली घराणी खेड तालुक्यात आली ती हातात लोटा आणि खांद्यावर गाठोडे घेऊन. त्यांना ओळख नव्हती, भाषा नव्हती. कोणा शेतकऱ्याने ओट्याचा कोपरा दिला, कोणा गुरवाने देवळाच्या ओवरीत निजू दिले, कोणा पाटलाने चार घरी शब्द टाकला. मग गाठोड्यातून मांजरपाट, धोतरजोडी, नऊवारी लुगडी आणि खण बाहेर आले. गावाने ते उधारीवर घेतले आणि सुगीला पैसे आणून दिले. या व्यवहाराला बहुधा तारण नव्हते. शेतकऱ्याकडे देण्यापुरता पैसा येई तो कांदा बाजारात गेल्यावर. लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधला जाई, तो पुढच्या कांद्याच्या भरवशावर. ज्या श्रावकाने जन्मात कांद्याला स्पर्श केला नाही, कंदमुळे अभक्ष्य म्हणून ज्याच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कांदा आला नाही, त्याच्या गल्ल्यात जे नाणे पडले ते कांद्याचेच होते. आपल्या समाजाने या गोष्टीवर कधी हसून पाहिले आहे काय? हसता हसता डोळे ओले व्हावेत अशीच ही गोष्ट आहे.

वाणिज्याच्या पुस्तकात 'ख्याती' नावाची एक मालमत्ता असते. इंग्रजीतील गुडविल ते हेच. दुकान विकताना तिची किंमत लावतात आणि ती दुकानदाराच्या मालकीची धरतात. हिशेबशास्त्राला ते चालते. पण ही ख्याती ज्यांनी शब्दावर विश्वास ठेवून, पिढ्यान्पिढ्या त्याच पायरीवर येऊन निर्माण केली त्यांचा भाग ताळेबंदात कोठेच दिसत नाही.

आता वहीचे दुसरे पान. कृतज्ञतेवर बोलताना ते वगळले तर मेळ बसणार नाही. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, बाजारच्या दिवशी, शेतकऱ्यांनी गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचा भाव चढला होता आणि कर्जे सढळ हाताने दिली गेली होती. भाव कोसळला, सरकारी सारा वाढला आणि कर्जाचे कागद शेतकऱ्याच्या गळ्याभोवती आवळले गेले. दंगेखोरांना विशेषेकरून हवे होते ते कागद. खते, रोखे, वह्या बाहेर काढून त्यांची होळी झाली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या सावकारांत आपल्यापैकी कोणाचा पूर्वज नव्हताच असे छातीठोकपणे कोण सांगू शकेल? आणि सर्वच सावकार दुष्ट होते असेही नाही. परंतु प्रतिक्रमणात आपण जे अतिचार उच्चारतो त्यांत दुसऱ्या व्रताच्या ठिकाणी खोटा लेख करणे येते. तिसऱ्या व्रताच्या ठिकाणी खोटे माप, खोटा तोल येतो. हे अतिचार आचार्यांनी कल्पनेने रचलेले नाहीत. गज हाताखाली दोन बोटे सरकविणारा हात त्यांनी पाहिलेला होता.

याच मुलखात, येथून जवळच, इंद्रायणीकाठी देहूला एक वाणी होऊन गेला. घरात महाजनकी होती, देवघेव होती, लोकांकडे येणे होते. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांनी पत्नी आणि मुलगा गमावला. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. तुकोबारायांना अभंगांसाठी महाराष्ट्र ओळखतो. व्यापाऱ्याने त्यांना त्या खतांसाठीही ओळखावे. सुप्याला खते दुसऱ्यांनी जाळली. देहूला ती ज्याची होती त्यानेच बुडविली. दोन्हीकडे कागद नष्टच झाले, पण सुप्याला मागे वैर उरले आणि देहूला आजही लोक चालत येतात.

हा दोन-तीन शतकांचा हिशेब झाला. आता घरातला पाहू, कारण वृद्धाचे जग अखेरीस घरापुरतेच उरते.

डिसेंबरच्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या सत्तरीच्या श्रावकाला त्यापूर्वी भोजन आटोपावे लागते. मुलगा कारखान्यातून किंवा पुण्याहून परततो तो रात्री आठ-नऊला. नातवंडे शिकवणीहून त्याच वेळी येतात. म्हणजे घरातील सर्वांत वृद्ध माणूस साडेपाच वाजता एकटा ताटावर बसतो. ज्या नियमाने जीवदया साधते त्याच नियमाने पंगत तुटते. ही आजच्या औद्योगिक दिनक्रमाने आणलेली अडचण आहे आणि तिच्यात दोष ना नियमाचा, ना मुलाचा. "मला कोणी विचारीत नाही" ही तक्रार पुष्कळदा याच साडेपाचच्या ताटावर जन्माला येते.

परंतु त्या ताटाकडे नीट पाहिले, तर ते ताट आपोआप वाढले गेलेले नाही. सून दुपारचे काम आवरून पुन्हा चूल पेटविते. तिच्यासाठी हा दिवसातला वेगळा स्वयंपाक आहे, कारण रात्रीचा तिला निराळा करायचा आहेच. सासऱ्यांसाठी पाणी उकळून गार करून ठेवणे, पर्वतिथीला हिरवी भाजी टाळणे, आयंबिल असेल तर तूप-तेल-मसाल्याविना काही शिजविणे, हे सारे ती वर्षानुवर्षे करते. तिने स्वतः तो नियम घेतलेला असेल किंवा नसेलही. सासऱ्याच्या पुण्याच्या खात्यात चौविहार जमा होतो. त्यातील श्रमाचा वाटा कोणाच्या नावे लिहावयाचा? एखाद्या दिवशी ताटावरून उठताना "आज भाजी छान झाली होती, बेटा, तुला माझ्यासाठी दोनदा राबावे लागते" एवढे शब्द उच्चारले गेले, तर पच्चक्खाणात काही बाधा येत नाही. पण हे शब्द पुरुषांच्या मुखातून बाहेर पडत नाहीत. गिऱ्हाइकाशी दिवसभर गोड बोलणारी जीभ उंबऱ्याच्या आत आली की जड होते, हा व्यापारी घरांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

जळगावचे भवरलालजी जैन यांचे नाव येथे सर्वांना परिचित आहे. १२ डिसेंबर १९३७ रोजी वाकोदला जन्मलेल्या या गृहस्थाने १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर व्यापार सुरू केला आणि पुढे ठिबक सिंचनाच्या उद्योगात देशविदेशात लौकिक मिळविला. २००८ मध्ये पद्मश्री मिळाली, जळगावच्या टेकड्यांवर गांधी तीर्थ उभे राहिले. एवढ्या कर्तृत्वाच्या माणसाने लिहिलेल्या पुस्तकांतील एक उद्योगावर नाही. ते सहचारिणीवर आहे. पत्नी कांताबाई निवर्तल्यानंतर त्यांनी 'ती आणि मी' हे सहजीवनावरचे पुस्तक लिहिले. मारवाडी घरातील ज्येष्ठ पुरुषाने पत्नीविषयी असे मोकळेपणाने लिहावे, ही आपल्या समाजात दुर्मीळ गोष्ट होती. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी ते गेले. त्या पुस्तकाचे मोल कमी न करता एवढे म्हणता येईल की, ते जिच्याविषयी होते तिला ते वाचता आले नाही. या सभागृहात डाव्या बाजूला ज्या वयोवृद्ध श्राविका बसल्या आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकींचे यजमान उजव्या बाजूला बसलेले आहेत. त्यांना पुस्तक लिहिण्याची आवश्यकता नाही. मेळावा संपल्यावर घरापर्यंतचा रस्ता पुरेसा आहे.

मुलांच्या बाबतीत परिस्थिती यापुढे अधिक अवघड होणार आहे, हेही समजून घेतले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील जैनांची संख्या सुमारे १४ लाख होती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जैन समाजाचा जननदर १.२ इतका, म्हणजे देशातील सर्व धर्मीयांत सर्वांत कमी आढळला. याचा सरळ अर्थ असा की, यापुढे अनेक घरांत दोन वृद्धांमागे एकच अपत्य असेल, आणि तेही बहुधा बंगळूर, दुबई किंवा अमेरिकेत. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला आहे. त्याने निर्वाहभत्ता मिळवून देता येतो. पण सायंकाळी दारावर येऊन "काका, काय चाललंय?" असे विचारणारा माणूस कोणत्याही न्यायाधिकरणाला देता येत नाही. तेव्हा आपुलकी रक्ताच्या नात्यापलीकडे जोडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यासाठी वार्धक्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

ती जोडायची कोणाशी? महाळुंग्यात भाड्याच्या खोल्यांतून मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले तरुण राहतात. हातात एक पिशवी, ओळख नाही, भाषाही पुष्कळदा नाही. आपले आजोबा ज्या स्थितीत या गावी उतरले नेमक्या त्याच स्थितीत. दिवाळीपूर्वी गावी जाताना हा तरुण दुकानात येतो आणि आईसाठी लुगडे मागतो. आईला कोणता रंग आवडतो हे त्याला ठाऊक नसते. तो दुकानदारालाच विचारतो. त्या क्षणी गादीवर बसलेल्या सत्तरीच्या शेटजींना, गल्ला मुलाच्या हाती गेल्यानंतरही, करण्यासारखे काम असते. "आईचं वय काय? शेतात जाते का? मग हा सुती घे, घामात बरा पडतो," असे सांगायला संगणक पुरत नाही. ज्या गावाने एके काळी ओट्याचा कोपरा दिला, त्याचे ऋण असे पुढच्या परक्याकडे वळते करता येते. हिशेबात अशी वळती नोंद ग्राह्य असते.

श्रद्धेविषयी स्वतंत्रपणे फार बोलावयाचे नाही. सामायिकाची ४८ मिनिटे, नवकाराचा जप, पाक्षिक प्रतिक्रमण, हे सर्व ज्येष्ठ नित्यनेमाने करतातच. फक्त एका जुन्या लेखाची आठवण द्यावीशी वाटते. मावळात कामशेतजवळ पाले येथील लेण्यात एक ब्राह्मी शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. इसवी सनापूर्वीच्या काळातील हा लेख महाराष्ट्रातील जैन परंपरेच्या अत्यंत प्राचीन खुणांपैकी एक मानला जातो. त्याचा आरंभ अरिहंतांना केलेल्या नमस्काराने होतो आणि पुढे इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी लेणे आणि पोढी करविल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगररांगांत जैन श्रद्धा प्रथम अक्षरांत उमटली तेव्हा नमस्कार आणि पाणी शेजारी-शेजारी लिहिले गेले. त्या टाक्याचे पाणी पुढे कोण प्यायले, त्यांचा धर्म कोणता, याची नोंद लेखात नाही.

उलट आपल्या वास्तूंतील संगमरवरी पाट्या पाहाव्यात. दात्यांची नावे, रक्कम, पुण्यस्मृती, सारे सोनेरी अक्षरांत. त्यात गैर काही नाही. दानाचे अनुमोदन व्हायलाच हवे, आणि ही स्मरणिकाही त्याच दात्यांच्या औदार्यावर छापली जाते, हे विसरून चालणार नाही. पण पाटी ही स्वभावतः नावे बाजूची नोंद आहे: कोणी किती दिले. जमेच्या बाजूची पाटी कशी असते, हे आचार्य आनंदऋषीजींच्या कार्यात दिसते. १९०० साली पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे जन्म, १९१३ साली वयाच्या तेराव्या वर्षी रत्नऋषीजींकडे दीक्षा, १९६४ मध्ये श्रमण संघाचे आचार्यपद. पाथर्डीला त्यांच्या प्रेरणेने धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले, तेव्हा त्याला नाव दिले गेले ते तिलोक-रत्न. रत्नऋषी हे गुरू आणि तिलोकऋषी हे गुरूंचे गुरू. ज्याने मिळाले त्याचे नाव वर, स्वतःचे कोठेच नाही. १९९२ साली अहमदनगर येथे, जे आता अहिल्यानगर झाले आहे, एक्क्याण्णव वर्षांच्या वयात ते कालधर्म पावले. त्यांच्या नावाचे रुग्णालय त्या शहरात उभे राहिले ते नंतर, इतरांनी उभारलेले. आणि तेथे रुग्णाला पंथ विचारला जात नाही.

शेवटी एक सूचना, जी विश्वस्त मंडळाने विचारात घ्यावी.

जुन्या दुकानांच्या माळ्यांवर लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांची गाठोडी अजून पडून आहेत. मारवाडी घरांतील वह्या महाजनी म्हणजे मुडिया लिपीत आहेत, गुजराती घरांतील गुजरातीत, आणि स्थानिक मुनीम असेल तर मोडीत. मुडियात काना-मात्रा गाळण्याची रीत असल्याने 'काकाजी अजमेर गये' हे पत्र 'काकाजी आज मर गये' असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली, ही गोष्ट सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ती लिपी वाचणारे आता मोजकेच ज्येष्ठ उरले आहेत. मुले संगणकावर हिशेब ठेवतात. त्यांच्या लेखी ही गाठोडी म्हणजे रद्दी आणि वाळवीचे घर. दुकानांचे नूतनीकरण होते, तसतशी ती किलोच्या भावाने जातात. त्यांच्याबरोबर जातात ती नावे. कोणत्या वाडीतल्या कोणत्या माणसाने कोणत्या साली विश्वासाने काय नेले आणि केव्हा आणून दिले, याची एवढी तपशीलवार नोंद तलाठ्याच्या दप्तरातही नसेल.

भगवंतांच्या निर्वाणाचा दिवस तोच आपल्या वहीपूजनाचा दिवस आहे, आणि दुसऱ्या दिवशी कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नवे वीर निर्वाण संवत आणि नवी चोपडी एकदमच सुरू होतात. येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक घरातील ज्येष्ठाने माळ्यावरची एक तरी वही खाली उतरवावी, नातवाला शेजारी बसवावे आणि वाचून दाखवावी. नातवाने ती नावे देवनागरीत एका साध्या वहीत उतरून घ्यावीत. लुगडे एक, धोतरजोडी एक, खण दोन, वायदा सुगीवर. 'सुगी' म्हणजे काय, हे नातू विचारील. 'खण' म्हणजे काय, हेही विचारील. आजोबांना दिवसभर पुरेल एवढे बोलणे त्या एका ओळीत आहे. संस्थेने या सर्व वह्या एकत्र करून ठेवाव्यात आणि त्यांना कपाटातील एक खण द्यावा.

त्या नावांपैकी बरेच जण आज नाहीत. काही आहेत. कारखान्यांच्या कुंपणालगत, भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींच्या सावलीत, जमीन गेल्यापासून काम नसलेले, पारावर बसून असतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघे बरोबरीनेच म्हातारे झाले आणि एकमेकांकडे जाण्याचे कारण संपले म्हणून जाणे थांबले. संवत्सरीला मोबाईलवरून तीनशे जणांना क्षमायाचनेचा एकच संदेश धाडणारे आपण, त्या यादीत हे नाव आहे का, ते एकदा पाहावे. नसेल तर उठून त्याच्या घरी जावे. जाताना सोबत वही मात्र नेऊ नये. एवढ्या वर्षांनी शेटजी लाल चोपडी काखेत मारून दारात उभे राहिले, तर घरच्यांचा भलताच गैरसमज व्हायचा.

जय जिनेंद्र.